गायकाचं नाव

पल्लवीनं आपलं गाण्यांचं ॲप भावकीच्या ग्रुपला जोडलं, म्हणजे इथं लावलेलं गाणं गावोगावच्या नातेवाइकांना तिथंच ऐकू येणार. पहिलंच गाणं वाजलं आणि तिचा आजा ज्योतिबा ताडकन उठला. "आगं, ह्यो माझा आवाज हाय! जत्रंत कुणीतरी मोबाईल म्होरं धरला हुता!" लंगड्या मेंढीवरची ती ओवी त्यानंच रचलेली. पल्लवी चाचरत म्हणाली, "आबा, इथं गायकाचं नाव स्वरसम्राट सुमंत दिसतंय." तोवर ग्रुपवर ज्योतिबाच्या शहरी पुतण्यांनी त्या भामट्याचा उदोउदो मांडलाही. "लिव की, माझी ओवी हाय म्हणून!" "लिवलं, आबा. समदी हसत्यात." ज्योतिबानं फोन तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि घसा फाटेस्तोवर अख्खी ओवी म्हटली. पल्लवीनं ती ग्रुपवर पाठवली. सगळ्या पुतण्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग थोरल्याचं उत्तर आलं, "काका, लय भारी नक्कल! डिट्टो सुमंत!"