व्हर्जिलचा खर्ज

"कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटावं असा माझा आग्रहही नाही," ऑटिस म्हणाला. मास्तरांनी छडी धरावी तशी त्याने कोंबडीची तंगडी हातात धरली होती. "पण व्हर्जिलने तो खर्ज लावला, की या चर्चच्या विहिरीचं पाणी वीतभर वर यायचं. लोक बादल्या घेऊन तयार असायचे."

चर्चमागच्या ओकखाली टेबलांना टेबलं जोडून पंगत मांडली होती. सकाळचं गाणं आटोपलं होतं, दुपारचं व्हायचं होतं, आणि मधल्या वेळात जेवणापेक्षा वाद जास्त चालला होता. कारण तसंच होतं. या वार्षिक मेळ्यात वॉलेस म्होरक्या असलेली स्टोनी फोर्कची चौघा गायकांची चौकडी गाते आणि 'नदीतळाची घंटा' या गाण्याने शेवट करते. आज सकाळी त्यांनी ते म्हटलंच नाही.

"एकामागून एक नुसती धावती गाणी," इमोजीन कुरकुरली. "टाळ्या वाजवून तळहात लाल झाले, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मी रुमाल इस्त्री करून आणला होता."

"पण वॉलेसचा वरचा सूर काय लागला होता!" हॉबर्ट म्हणाला.

"वरचा सूर माझा बोकडही लावतो. घंटा का नाही म्हटली, ते सांग."

सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या टोकाकडे गेल्या आणि तितक्याच घाईने राजम्याच्या पातेल्याकडे वळल्या. टोकाला लॉनी ताट घेऊन उभा होता. हिवाळ्यात व्हर्जिल गेला आणि त्याच्या जागी चौकडीत हा आला. पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलणारा गडी, छाती पिंपासारखी, आवाज भरदार. पण 'घंटा'च्या शेवटी बाकीचे तिघे सूर धरून ठेवतात आणि खर्जवाला एकेक पायरी उतरत पार तळाशी जातो. तिथली शेवटची पायरी लॉनीच्या गळ्यात नव्हती. दुपारी तरी घंटा होऊ द्या, असा पाद्रीबुवांचा निरोप नुकताच येऊन गेला होता.

लॉनीने ताटातली दोन अंडी परत थाळ्यात ठेवली.

ऑटिसचं तिकडे लक्ष नव्हतं. व्हर्जिल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याविषयी बोलायला लागला की ऑटिसला थांबवत नसे. थांबलं की व्हर्जिल खरंच गेला, असं वाटायचं.

"विहिरीचं सोडा," तो म्हणाला. "एका वर्षी तो खर्ज दरीतून थेट माझ्या घरी पोचला. मी कवळी पेल्यात ठेवून आलो होतो. ती पेल्यात वाजायला लागली. तीही तालात!"

"तू तर इथे बसला होतास. तुला कसं कळलं?" हॉबर्टने विचारलं.

"कुत्र्याने सांगितलं. बिचारा त्या दिवसापासून खर्जातच भुंकतो."

हशा झाला. इमोजीनला ठसका लागला, तिच्या पाठीत कुणीतरी थापट्या मारल्या. लॉनीने मक्याच्या पावाचा तुकडाही परत ठेवला. आता त्याच्या ताटात फक्त काटा होता.

तेव्हा कुठे ऑटिसला ते ताट दिसलं. आपल्या थापा ऐकून माणसं हसतात, हे त्याला ठाऊक होतं. उपाशी उठतात, हे नवीन होतं.

"मी वॉलेसशी बोलतो," लॉनी कुणाकडेही न बघता म्हणाला. "दुसरा कुणी बघा म्हणावं. या गाण्याला माझ्यापायी बट्टा नको."

"अरे, थांब की!" ऑटिस घाईघाईने म्हणाला. "पाणी वीतभर म्हणजे अगदी वीतभर नाही. दोन बोटं असेल. एखाद्या वर्षी तर नुसता ओलावा…"

"ऑटिस, तू खोटं बोलतोयस."

हे व्हर्लीन म्हणाली. व्हर्जिलची बायको. ती पलीकडे केळ्याचं पुडिंग वाढत होती आणि वाढायची थांबली नव्हती.

"विहिरीचं म्हणतेस ना? तेच मी सांगत होतो…"

"विहीर राहू दे. कुत्राही राहू दे. खर्जाचं म्हणतेय मी. ती शेवटची पायरी व्हर्जिलकडे कधीच नव्हती. तो हनुवटी टायला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि तोंड उघडायचा. आवाज काही यायचा नाही."

इमोजीनने इस्त्रीचा रुमाल मुठीत धरला.

"मी ऐकलाय तो," ऑटिस हळूच म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थापेचा मागमूस नव्हता. "दरवर्षी ऐकलाय, व्हर्लीन. माझ्याखालचा बाक थरथरायचा."

"थरथरणारच. मी पुढच्याच बाकावर बसायचे." तिने पुडिंगचा भरघोस डाव त्याच्या ताटात घातला. "तो स्वर तू गुणगुणायचास. तू, हा हॉबर्ट आणि मागची अर्धी रांग. आणि घरी जाताना व्हर्जिल गाडीत हसून हसून रडायचा."

ऑटिसने तंगडी खाली ठेवली. हॉबर्टने गळ्याला हात लावून पाहिला, जणू तिथे कुणाची तरी वस्तू चुकून राहिली होती.

लॉनीने थाळ्यातलं एक अंडं उचललं. मग दुसरं उचललं. मग मक्याचा पावही घेतला.

"ऑटिसकाका," तो म्हणाला, "दुपारी कुठल्या बाकावर बसणार आहात?"