टेकडीआड

अलीला दोह्यात शुक्रवारची सुट्टी. त्या संध्याकाळी तो तिथून आणि त्याचा मुलगा फहाद पनवेलच्या घरातून, दोघं मिळून कॉम्प्युटरवर रणगाड्यांचा फुकटातला गेम खेळायचे. समोरच्यांचे रणगाडे पैसे मोजून घेतलेले, त्यामुळे अली दोन मिनिटांत उडायचा. मग उरलेली लढाई फहादच्या रणगाड्यातून बघत बसायचा.

"अब्बू, टेकडीआड थांबायचं, किती वेळा सांगू?" फहाद हेडफोनवर ओरडायचा, आणि त्याच ओघात शाळेतलं, अम्मीचं, मनातलं सगळं सांगून टाकायचा.

नोकरी सुटली आणि अली कायमचा घरी आला. शुक्रवारी तो फहादच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. फहाद खेळत राहिला. काही विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, अब्बू." तीन शुक्रवार असेच गेले.

चौथ्या शुक्रवारी संध्याकाळी बाहेरून परतताना अली घरी न जाता नाक्यावरच्या सायबर कॅफेत शिरला. हेडफोन चढवला, गेम उघडला.

"अब्बू!" कानात फहादचा आवाज आला. "किती दिवसांनी आलात!"