घरात पुरुषमाणूस आहे

“तिसऱ्या मजल्यावरच्या ताई ना? असतील की. त्यांचे मिस्टरही घरीच असतात,” इस्त्रीवाला म्हणाला आणि त्याने कॉलरवरून इस्त्री फिरवली.

त्या ताईंचा नवरा बॅग घेऊन त्याच्यासमोरच उभा होता. पण इस्त्रीवाला या कोपऱ्यावर नवीन, आणि नवरा चौदा महिन्यांनी घरी आलेला, तेव्हा ओळख पटायचा प्रश्नच नव्हता. मीच तो, असं सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण ‘घरीच असतात’ हे शब्द ऐकून ते तसंच मिटलं.

इस्त्रीवाल्याला बोलायला माणूसच हवा होता. गेल्या महिन्यात याच इमारतीत दोन घरं फुटली, दोन्ही घरांत बायकाच होत्या, असं त्याने न विचारता सांगितलं. ताईंना मात्र धास्ती नाही. मिस्टर अजून त्याच्या दृष्टीस पडले नव्हते, पण दर आठवड्याला दोन शर्ट यायचे आणि रात्री उघड्या खिडकीतून त्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू यायचा.

“घरात पुरुषमाणूस असला की चोर फिरकत नाही,” तो म्हणाला.

नवरा दूरदेशी एका बंदरावर क्रेन चालवायचा. करार संपला होता. ठेकेदाराने तीन वर्षांचा नवा करार पुढे केला होता आणि आज रात्री दहापर्यंत हो की नाही ते कळव, म्हणून बजावलं होतं. नाही म्हणायचं ठरवूनच तो निघाला होता. पुरे झालं. मुलगी आठ वर्षांची झाली, आता तिच्याजवळ राहायचं. चकित करायचं म्हणून त्याने घरी कळवलंही नव्हतं. आता चकित व्हायची पाळी त्याच्यावर आली होती.

तो रस्ता ओलांडून उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं. गॅलरीतल्या दोरीवर चौकड्यांचा शर्ट वाळत होता. त्याने जन्मात चौकड्यांचा शर्ट घातला नव्हता.

एकदा संशय आला की साध्या गोष्टीही साध्या राहत नाहीत. पूर्वी दोघं अकरा-अकरापर्यंत फोनवर बोलायचे. दोन महिन्यांपूर्वी बायको म्हणाली होती, नऊनंतर फोन नका करू, मुलगी झोपलेली असते. त्याला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट, किती काळजी घेते पोरीची, म्हणून कौतुक वाटलं होतं. आता स्वतःच्या त्या भोळेपणाची त्याला चीड आली.

जिन्यातला दिवा गेलेला होता. तो चाचपडत तिसऱ्या मजल्यावर पोहोचला तेव्हा पायाला काहीतरी लागलं. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर दाराबाहेर पुरुषाचे बूट. चांगले दणकट, त्याच्या पायापेक्षा दोन मापं मोठे. दाराला नवं कुलूप बसवलेलं होतं.

उजेड विझवून त्याने आपली किल्ली काढली. ती आत गेली, पण फिरेना. त्याने जोर लावून पाहिला, काढून पुन्हा घातली, हलवली. तीनदा तेच. कुलूप बदलायचं आणि नवऱ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग बायकोचा.

“अहो, उठता का जरा? दाराशी कुणीतरी आहे.”

हे ‘अहो’ ऐकायला तो चौदा महिने आसुसलेला होता. ते आता ऐकू आलं, पण दुसऱ्याच कुणासाठी.

पाठोपाठ पुरुषाचा आवाज आला. खर्जातला, जरा घोगरा. दाराआडून शब्द कळत नव्हते, पण गडी मजेत होता. बोलता बोलता तो चक्क हसला. पहिल्या शब्दापासून तो आवाज याच्या डोक्यात गेला. आणि तो ओळखीचा वाटत होता, हे त्याहून वाईट. कुणाचा असावा? त्याने मनातल्या मनात मित्र, शेजारी सगळे चाळले. मग एकाएकी त्याला उलगडलं.

धाकटा भाऊ. बोलायची तीच ढब. दोन गल्ल्या पलीकडेच राहायचा. जाताना यानेच त्याला सांगितलं होतं, घराकडे लक्ष ठेव.

“हो ना,” आत बायको म्हणत होती, “तुम्हीच बघा आता.”

दारावर लाथ घालायला त्याने पाय उचलला होता. पण आत मुलगी होती. ती उठेल, हे सगळं बघेल, आणि जन्मभर तिच्या डोळ्यांपुढे तेच राहील. त्याला ते सोसवेना. त्याने बॅग उचलली आणि तो आवाज न करता जिना उतरला.

रस्त्यावर येऊन त्याने ठेकेदाराला फोन लावला. “मी येतोय,” तो म्हणाला. “तीन वर्षं.” घरी विचारलंस का, असं ठेकेदाराने विचारलं. विचारण्यासारखं घरी कुणी नाही, असं त्याने सांगितलं. मग त्याने फोनमधलं कार्ड काढून गटारात टाकलं आणि समोर आलेल्या बसमध्ये तो चढला. त्याला रडू येत होतं आणि त्याने ते येऊ दिलं.

वर, अंधाऱ्या खोलीत, बायको हातात बत्ता घेऊन अजून दाराला कान लावून उभी होती. पावलं केव्हाच विरली होती, तरी तिने बत्ता खाली ठेवला नव्हता. मुलगी तिला चिकटून बसली होती, दोन्ही हातांनी मोबाइल दाराच्या फटीशी धरून.

“गेला वाटतं,” आई पुटपुटली.

“मग आता बाबांचा आवाज बंद करू?” मुलीने विचारलं.