एका आडनावाची माणसं

बालगृहाच्या व्हरांड्यात तीन फोटो टांगले होते आणि तिन्हींखाली शिवणबाईंचंच आडनाव होतं. एक गायिका, एक मेंदूचे डॉक्टर, एक फुटबॉलचा गोलकीपर. तिघंही इथेच वाढलेली. शिवणबाईही इथल्याच, पण फोटो लागावा असं काही त्यांच्या हातून झालं नव्हतं. लोकांचे कपडे तेवढे शिवले होते.

या तिघांना त्यांनी मनातल्या मनात केव्हाच घरात घेतलं होतं. गायिका थोरली, डॉक्टर मधले, गोलकीपर शेंडेफळ. रेडिओवर गाणं लागलं की त्या मशीन थांबवून म्हणायच्या, "आमची ताई." शेंडेफळानं गोल खाल्ला की यांच्या तोंडाची चव जायची. पण पन्नाशी उलटली तसं वाटू लागलं, एकदा खरं काय ते विचारावं. आपलं म्हणावं असं कुणी आहे की नाही, एवढंच.

बाळांना सांभाळणाऱ्या मावशी आता फार थकल्या होत्या. डोळे अधू, आठवण मात्र ठणठणीत. दुपारची वेळ. सगळे पाळणे झोपले होते, पडदे संथ हलत होते, आणि मावशींचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

"भावंडं कसली गं? एकेक जण कुठून कुठून आलेलं. तेव्हा पाळण्यालाच आडनाव असायचं. ज्यात बाळ निजवलं, त्याचं आडनाव त्याला. कागदपत्रांत घोळ नको म्हणून."

शिवणबाईंचं तोंड एवढंसं झालं. एका दमात तिघंही परकी झाली होती.

"म्हणजे माझं कुणीच नाही, मावशी."

मावशींनी त्यांना हाताला धरून खिडकीजवळच्या, त्याच आडनावाच्या पाळण्यापाशी नेलं. आत एक बाळ मुठी आवळून निजलं होतं. मावशींनी शिवणबाईंचं बोट लाकडी कठड्यावर ठेवलं. लाकूड खडबडीत लागत होतं. दात येताना चावल्याच्या खुणा होत्या त्या, एकीवर एक, काही खोल, काही झिजून गेलेल्या. बोट आपोआप फिरत राहिलं. किती वेळ, कुणास ठाऊक.

"यातल्या माझ्या कुठल्या?" शिवणबाईंनी हळूच विचारलं.

"मला नको विचारू," मावशी म्हणाल्या. "तुम्हा भावंडांच्या भांडणात मी पडत नाही."