एक चाळीसची नोंद

"हे टेबल उडवून टाक," केसरीनाथने आल्हादला सांगितलं, आणि सुचेताचे कान टवकारले.

केसरीनाथ पूर्णा गावातल्या गोदामाचा मॅनेजर. कॉम्प्युटरचं नाव काढलं की हात झटकणारा माणूस. पण आज सकाळपासून आल्हादच्या खुर्चीमागून हलला नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय, सुचेताने मनात म्हटलं.

आल्हाद जुन्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायला आला होता. बाकी सगळं गेलं, हे एकच टेबल, म्हणजे नोंदींचा एक तक्ता, अडून बसलं. ते कुणी मागितलं नव्हतं, कुणी उघडलंही नव्हतं. सॉफ्टवेअरच इतकी वर्षं आपलं आपण त्यात ओळी भरत होतं. काढायला हरकत नाही, आल्हाद म्हणाला, पण काढलं की परत मिळणार नाही, म्हणून कागदावर ऑपरेटरची सही लागेल. ऑपरेटर म्हणजे सुचेता.

केसरीनाथने पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. काय ती तत्परता! अकरा वर्षांत त्याने तिच्यासाठी कधी दार धरलं नव्हतं.

आत आहे तरी काय, तिने विचारलं. कुणी कुठली नोंद कधी बदलली ते, आल्हाद म्हणाला. कचरा आहे नुसता, जेवायची वेळ झाली, सही करा, असं केसरीनाथचं.

आता तर तिला खात्रीच पटली, याला कुठलीतरी बदललेली नोंद लपवायचीय. बाहेर पायरीवर सखी सकाळपासून बसली होती. तिचा नवरा मंगळ्या इथेच माल उतरवायचा. नऊ तारखेला पेट्यांची थप्पी त्याच्या पायावर कोसळली. आणि गोदामाच्या हजेरीत नऊ तारखेला मंगळ्या गैरहजर! कामावर नसलेल्याला भरपाई कसली, असं सगळे सखीला ऐकवत. ती मात्र येईल त्याला एकच विचारायची, "म्याच डबा बांधून देला त्याला. कामाव नव्हता, त पाय कुठं मोडला?"

"आल्हाद, मंगळ्याची नऊ तारीख काढ," सुचेता म्हणाली.

केसरीनाथने अडवलं नाही. त्याचंच तिला नवल वाटलं.

ओळ आली. नऊची हजेरी दहा तारखेला, दुपारी एक चाळीसला बदललेली. आधी हजर, नंतर गैरहजर. बदलणाऱ्याचं नाव, सुचेता.

घ्या, हात दाखवून अवलक्षण! ऑफिसात माणसं पाच आणि पासवर्ड एक, तिचा. प्रत्येकाचा वेगळा कोण लक्षात ठेवणार, म्हणून तिनेच तो कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला होता. मोठी सोय केली होती बाईंनी. एक चाळीसला ती बाकीच्यांबरोबर मागच्या शेडमध्ये डबा खाते. तेव्हा ऑफिसात एकटा केसरीनाथ असतो. पण हे त्या ओळीत कुठे लिहिलंय?

आल्हादने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मघाशी ती केसरीनाथकडे पाहत होती तसंच.

"म्हणून म्हणत होतो, मॅडम," केसरीनाथ अगदी मायेने म्हणाला. "मुलीची ॲडमिशन तोंडावर आलीय तुमच्या. तुमच्यासाठीच काढत होतो हो."

तिला त्याचा संताप आला, आणि खोटं कशाला बोला, त्याहून जास्त भीती वाटली. नोकरी जाईल. पोलीसही येतील. सही केली तर सगळं इथेच मिटेल. मंगळ्या त्या दिवशी आलाच नव्हता, एवढंच मानायचं.

तिने पेन घेतलं. केसरीनाथने कागद पुढे सरकवला. तो तिने तसाच परत सारला आणि आल्हादला त्या ओळीची प्रिंट काढायला सांगितली. आल्हादने केसरीनाथकडे पाहिलं, मग काढली. तिने खाली लिहिलं, नऊ तारखेला मंगळ्या कामावर हजर होता. सही केली आणि कागद घेऊन पायरीवर आली.

"हा युनियनच्या वकिलाला दे," तिने सखीला सांगितलं. "ही हजेरी कुणी बदलली असं त्याने विचारलं, तर हे नाव दाखव. माझंच आहे."