उसाचं कांडं

नववीच्या वर्गात प्रत्येकाला टॅबवर आपलं म्हातारपण भेटायचं. आज पोटात नि तोंडात काय जातं, त्यावर ते बेतलेलं असायचं, आणि त्याच्याशी बोलायचा तास दर शुक्रवारी व्हायचा.

शर्वाणी निर्धास्त होती. व्यसनांच्या यादीपुढे तिने सगळीकडे 'नाही' लिहिलं आणि टॅबसमोर तोंड उघडून हिरड्यांचा फोटो दिला. पडद्यावर साठीची शर्वाणी आली आणि हसली. तिच्या तोंडाचं पार बोळकं झालं होतं.

"आजी, मी तर कशालाच हात लावत नाही," शर्वाणी म्हणाली.

"सकाळी दात कशाने घासतेस?"

"मिश्रीने. आईपण तिनेच घासते. ते काय व्यसन आहे होय?"

"मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की गं. मीपण तुझ्यासारखंच म्हणायचे. आता कुणी ऊस खायला लागलं की उठून आत जाते."

शर्वाणीचा उसावर भारी जीव. दुसऱ्या दिवसापासून तिने ब्रश धरला. चार दिवस डोकं ठणकलं, घरात सगळ्यांवर चिडून झालं, तेव्हा मिश्री हेही व्यसनच, हे तिला पटलं.

महिन्याने तिने टॅब घरी आणला. पडद्यावर म्हातारी दातांनी उसाचं कांडं सोलत बसली होती. तिला बोलायलाही सवड नव्हती.

आईने पडद्यावर बघितलं. मग तिने मिश्रीची डबी चुलीत रिकामी केली.

"माझी म्हातारी आत्ता नको दाखवूस," ती म्हणाली. "एक महिना थांब. तिलाही ऊस आवडतो."