सहाला सुटणारी बोट

"मी येईन ती सहाला सुटणाऱ्या बोटीनेच," चेन्सा म्हणाली. "नाहीतर तुम्ही जा. मी घरी बरी."

टेबलावर दोन बोटींची रंगीत पत्रकं पसरली होती. सलवू आईकडे बघतच राहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत ही बाई माल्टा सोडून कुठे गेली नव्हती. सेंग्लिया गावाच्या धक्क्यावर घर, खिडकीसमोर अख्खं बंदर, पण बोटीचा भोंगा झाला की ती उठून खिडकी लावून घ्यायची. यंदा सुट्टीचा विषय निघाला तेव्हा ती आपणहून "मीही येते" म्हणाली आणि घरातल्या सगळ्यांचे घास हातात राहिले होते.

"अगं आई, ती जुनी बोट आहे. नवीवर तीन पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, नाटकगृह. आणि जायचं दोन्हींना तिथेच आहे. मेसिना, नेपल्स, मार्सेलिस."

"नवी कधी सुटते?"

"रात्री अकराला."

"मग नको. अंधारात काय दिसणार?"

सून ग्रेटा हसली. "आई, तुम्हाला नेपल्स बघायचंय की आपलं सेंग्लिया? ते तर जन्मभर बघताय."

चेन्साने जुन्या बोटीचं पत्रक पुढे सरकवलं. बारा वर्षांची नात मार्टिना घसरगुंडीच्या चित्राचा कागद घेऊन रुसून आत गेली. सलवूने थोडा वेळ डोकं खाजवलं आणि जुनी बोट पक्की केली.

सलवूची बहीण लिदिया इस्पितळात नर्स होती. तिला रजा मिळाली नाही. चेन्साने तिला बजावलं, "मला पोचवायला बोटीपाशी येऊ नकोस. आपल्या सेंग्लियाच्या टोकाला, टेहळणीच्या बुरुजापाशी उभी राहा. बरोबर सहाला."

"तिथे कशाला? नीट निरोप तरी घेता येईल का तिथून?"

"उभी राहा म्हटलं ना."

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. बोट सुटायला दहा मिनिटं असताना ते चौघे सगळ्यात वरच्या मजल्यावर आले. चेन्साने कठडा धरला आणि खाली पाहिलं.

"मादोन्ना!" तिने मेरीमातेचं नाव पुटपुटलं.

एवढ्या उंचीवरून तिने जग कधी पाहिलं नव्हतं. दोर सुटले, भोंगा झाला. पायाखाली कसलाही धक्का बसला नाही. बोट जागची हललीच नाही असं वाटलं, हललं ते गाव. तटबंद्या, घुमट, दगडी जिने, सगळं बंदर तिच्याभोवती सावकाश वळू लागलं. उतरत्या उन्हात सेंग्लिया मधात बुडवून काढल्यासारखं झळाळत होतं. तिथल्याच गल्लीबोळांत तिचं आयुष्य गेलं होतं, तरी तिला ते ओळखू येईना. मार्टिनाही रुसवा विसरून तोंड उघडं टाकून बघत होती.

मग एकेक गोष्ट चेन्साला दिसायला लागली. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. शेजारच्या घराचा हिरवा सज्जा. तिची स्वतःची खिडकी. आणि टोकाला, बुरुजापाशी, पिवळ्या झग्यातली लिदिया. तिच्या खांद्यावरची पर्ससुद्धा दिसत होती.

चेन्साने हात वर केला आणि हलवला. मग दुसराही केला. लिदिया नुसतीच उभी होती.

चेन्साचा चेहरा उतरला. हात खाली आले.

"काय झालं, आजी?" मार्टिनाने विचारलं.

"सगळं दिसतं गं इथून," चेन्सा म्हणाली. "मला वाटलं होतं, दिसत नसेल."

सलवूही जवळ आला. त्याच्या आजोबांविषयी घरात कुणी कधी बोलत नसे. आज आई आपणहून सांगू लागली.

"माझे बाबा ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्यांची बोटही संध्याकाळी अशाच उतरत्या उन्हात सहाला सुटली. आई मला घेऊन त्या टोकाला उभी होती. घरातली पांढरी चादर आणली होती तिने. हात भरून येईपर्यंत हलवत राहिली. पण बाबा काही दिसले नाहीत. आई म्हणाली, 'बघ, कठड्याशीसुद्धा आला नाही. पाठ फिरवून आत बसलाय.' तिसऱ्या महिन्यात ते तिकडे कारखान्यातल्या अपघातात गेले. आईने त्यांना मरेपर्यंत माफ केलं नाही. मी मनाला सांगत आले, की एवढ्या लांबून आम्ही त्यांना दिसलोच नसू. तेवढं एकदा बघायचं होतं." तिने डोळे पुसले. "आणि इथून तर पोरीची पर्ससुद्धा दिसते."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. लिदिया होती. त्याने फोनचा आवाज मोठा करून तो आईच्या तोंडाशी धरला.

"आई, कुठे उभी आहेस तू?" लिदिया ओरडत होती. "सूर्य बरोबर तुमच्या मागे आलाय. डोळे दिपतायत नुसते! बोट म्हणजे एक काळी भिंत दिसतेय, माणूस एकही दिसत नाही. आणि तू साधा हातसुद्धा हलवला नाहीस होय गं?"

चेन्साने वळून पाहिलं. पलीकडे वॅलेटा शहराच्या तटावर सूर्य टेकला होता आणि अख्खी बोट त्या उजेडात उभी होती.

"हलवत होते गं," ती म्हणाली. "हात हलवतच होते."